पेरलेले ठोके

गाडीतळाच्या सिग्नलला रिक्षा अडकली आणि पलीकडच्या बसथांब्यावर बुद्धभूषणला आपले वडील दिसले. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, केस पाणी लावून मागे वळवलेले. यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसानं संध्याकाळी बसथांब्यावर उभं राहू नये असा काही कायदा नाही. पण मनपाहून आलेली बस थांबली, हलली, गेली, आणि अण्णा होते तिथंच राहिले. मग स्टेशनची आली. अण्णा दोन पावलं पुढे झाले, मान उंच करून त्यांनी बसच्या दाराकडे पाहिलं, बस निघाली तसे पुन्हा मागे सरून खांबाला टेकले. त्यानंतरचीही त्यांनी अशीच जाऊ दिली. कुठंतरी जायचंय एवढं लक्षात आहे, पण कुठं ते डोक्यातून गेलंय, असं काहीतरी त्यांच्या उभं राहण्यात होतं. हाक मारायला हवी होती. रिक्षातून नुसतं डोकं बाहेर काढलं असतं तरी भागलं असतं. बुद्धभूषणनं उलट डोकं आत घेतलं. आपण आपल्याच बापावर नजर ठेवतोय हे त्याला कळत होतं, आणि कळूनही सिग्नल सुटेपर्यंत तो रिक्षाच्या पडद्याआडून बघत राहिला.

घरी येऊन तो दिवाणखान्यात वाट बघत बसला. बऱ्याच वेळानं दार उघडलं. अण्णा आत आले आणि त्याला समोर बघून उंबऱ्यातच थबकले.

"तू कधी आलास?"

"मघाशीच. तुम्ही कुठं गेला होतात?"

"कुठं नाही. खालीच होतो, पाय मोकळे करत." मग चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "कसा आलास?"

"रिक्षानं. कॅम्पात काम होतं."

"रिक्षानं," अण्णा स्वतःशीच म्हणाले. "नीट आलास ना?"

नीट आलास ना! शेहेचाळीस वर्षांच्या मुलाला, परदेशात चार ठिकाणी व्याख्यानं देऊन आलेल्या माणसाला, विचारायचा हा प्रश्न झाला? आणि खालीच होतो म्हणजे काय? अण्णा खोटं बोलत नाहीत. जन्मभर महापालिकेच्या शाळेत मास्तरकी केल्यावर खोटं बोलायला जीभच वळत नाही, असं आई म्हणायची. मग अर्थ एकच निघत होता. थांब्यावर उभं राहिल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. आणि हे या घरात पहिल्यांदा होत नव्हतं.

उत्तरेश्वरकाका, अण्णांचे थोरले भाऊ, असेच विसरत विसरत गेले होते. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी जेवून हात धुतले की दारात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मला आज कुणी जेवायला दिलं नाही. सोलापूर रस्त्यानं पार मांजरीच्या पुढे चालत जायचे आणि अण्णा सायकल काढून शोधायला. कुणी काकांची चूक दाखवली की अण्णा डोळ्यांनी दटावायचे, नंतर बाजूला घेऊन सांगायचे, दादाला टोकू नका, टोकलं की तो घाबरतो. काकांना ते पन्नाशीच्या आतच लागलं होतं. अण्णांना उशिरा गाठतंय एवढंच, असं बुद्धभूषणनं मनाशी धरलं. त्याला छळत होतं ते हे, की काकांच्या तोंडावर कितीतरी दिवस काहीच दिसलं नव्हतं. हसायचे, पान खायचे, पोरांना खांद्यावर घ्यायचे. बाहेरून सगळं शाबूत. हे शाबूत दिसणं काय असतं ते त्याला धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. तो मेलेल्या ताऱ्यांवर काम करतो. सूर्याहून कितीतरी जड तारा लाखो वर्षं हायड्रोजन जाळतो, मग हेलियम, मग त्याहून जड जड काही, आणि असं करता करता त्याच्या पोटात लोखंड साठतं. लोखंड जाळून ऊब मिळत नाही. तिथं चूल विझते. आणि शेवटचं जळण संपत आलेलं असतं त्या दिवशीही ताऱ्याच्या पृष्ठभागाला पत्ता नसतो, तो कालच्याइतकाच तेजाळ. मग पापणी लवायच्या आत गाभा कोसळतो, वरचं सगळं उधळून जातं, आणि मागे उरतो एक गोळा. हडपसरपासून खडकवासल्यापर्यंत मावेल एवढाच, पण वजनाला आख्ख्या सूर्याला भारी. गाभा त्याहूनही जड असला तर दिसायला तेवढंही उरत नाही, उजेड गिळणारं विवर होतं. बुद्धभूषणच्या वाट्याला आले होते ते गोळे. ते गरागरा फिरतात आणि राखणदारानं फिरवलेल्या बॅटरीसारखा त्यांचा रेडिओलहरींचा झोत पृथ्वीवरून जातो, पुन्हा जातो, पुन्हा जातो. इथं ते ठोके ऐकायचे. दोन ठोक्यांमधलं अंतर फार सावकाश वाढत जातं, म्हणजे गोळा दमत चाललेला असतो. कधी मध्येच उसळी आल्यासारखा तो किंचित वेग घेतो आणि परत मंदावायला लागतो.

हे सगळं त्यानं अण्णांना एकदा सांगितलं होतं, आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, बाल्कनीत बसून. अण्णांनी वर्गातल्या हुशार पोरासारखं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आत काय चाललंय ते कसं कळतं रे?"

"कळत नाही. ठोके मोजायचे आणि अंदाज बांधायचा."

"ठोके बरोबर म्हणजे आतलं सगळं ठीक?"

"असं धरून चालायचं."

अण्णा हसले होते. "मग आमच्या पोरांसारखंच की. धडा वाचतात खडाखडा. आत किती उतरलाय, कुणाला ठाऊक."

आता त्या हसण्याचाही त्याला संशय येत होता. ते समजून हसले होते, की समजलं नाही म्हणून? माणसं नेमकी अशा वेळी हसतात. रात्रभर तो हेच चिवडत पडला असता, पण झोप लागली, आणि सकाळी उठला तो एक युक्ती डोक्यात घेऊन. युक्ती त्याच्या कामातलीच होती. नारायणगावाकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांनी टिपलेलं सगळं त्याच्या पुण्यातल्या संस्थेत येतं, आणि मोबाइल, विमानं, विजेच्या तारा यांच्या गोंगाटातून विद्यार्थी त्यात ठोके शोधत बसतात. ही पोरं खरंच शोधतायत की पडद्यासमोर नुसती बसलीत, ते पाहण्यासाठी त्यांच्या गटात एक पद्धत होती. एकानं गुपचूप खोटे तारे त्या माहितीत मिसळून द्यायचे. याला ते पेरणी म्हणत. कुठं पेरलं, केव्हा पेरलं, ते पेरणाऱ्यानं कुणालाही सांगायचं नाही. जे पकडलं गेलं ते दिसलं. जे कुणीच बोललं नाही ते दिसलं नाही, असा हिशेब. त्यावरून आपली नजर किती अधू ते ठरायचं. दोन वर्षं पेरणी बुद्धभूषणकडे होती आणि त्याला त्यात नको तितकी गोडी लागली होती. पेरणाऱ्याला त्यातून एक रोगही जडतो. इतके खोटे ठोके हातानं घडवलेले असतात, की खरा समोर आला तरी पहिलं मनात येतं, हा कुणी पेरला? आपलीच परीक्षा तर नाही? त्याची बायको आम्रपाली बँकेतून येऊन सहज म्हणाली, आज लवकर आलास, बरं वाटलं, तरी तो क्षणभर थांबून त्यात काय लपलंय ते बघायचा.

तर सकाळी चहा पिताना त्यानं पहिलं बी टाकलं. "आज मंगळवार ना, अण्णा?"

बुधवार होता. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि अण्णांच्या हातात ताजा पेपर. अण्णांनी बशी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "हं," ते म्हणाले, आणि पेपराची घडी घालून मांडीखाली सारली.

एवढंच. बुद्धभूषणला वाटलं होतं ते फटकन म्हणतील, काय रे, शुद्धीवर आहेस ना, आणि आपण हसून मोकळे होऊ. हंऽ एवढ्यावर भागलं तेव्हा त्याला दुःख झालं, आणि खोटं कशाला बोला, दुःखाच्या खाली एक बारीकसा आनंदही झाला, आपला अंदाज बरोबर ठरल्याचा. शास्त्रज्ञाला असतो तसा. त्या आनंदाची त्याला लाज वाटली आणि लाज वाटली तरी त्यानं पेरणी थांबवली नाही. एका प्रयोगावर निष्कर्ष काढू नयेत हे त्यानं विद्यार्थ्यांना नेहमी बजावलेलं होतं. मग रोज एखादा खोटा वार तो बोलता बोलता टाकू लागला. खडकवासल्यात पाणी किती उरलंय त्याची बातमी त्यानं सकाळी सांगितली आणि तीच, तशीच, पहिल्यांदा सांगावी तशी संध्याकाळी सांगितली. अण्णांनी दोन्ही वेळा "अरे बापरे" म्हटलं. आईचं माहेर इंदापूरचं ना, असं त्यानं एकदा विचारलं. आईचं माहेर करमाळ्याचं, त्याच्या साऱ्या सुट्ट्या तिथल्या आमराईत गेलेल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "हो, तिकडंच." ज्या बाईबरोबर बेचाळीस वर्षं संसार केला तिचं गाव! बुद्धभूषण उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून थोडा वेळ तिथंच उभा राहिला. स्कूटरची किल्ली त्यानं साखरेच्या डब्यात टाकून ठेवली, ती दुपारी खुंटीवर आली. पण ती आम्रपालीनं काढली असणार असं धरून त्यानं तो प्रयोग बाद केला. अण्णांच्या बाजूनं जाणारा एकच पुरावा त्याला मिळाला होता, आणि तो त्याला ग्राह्य वाटला नाही.

आम्रपालीला पेरणीचं त्यानं सांगितलं नव्हतं. अण्णांचं काही खरं नाही, एवढंच तो म्हणाला. कात्रजच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, विसराळू म्हाताऱ्यांसाठी एक निवास होता. बाग होती, नर्स होत्या, फाटकाला बाहेरून कुलूप होतं. तिथं एक खाट रिकामी झाली होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की आठवडाभर ती राखून ठेवणार होते.

"कुलूप?" आम्रपाली म्हणाली. "अण्णांना कुलपात घालणार तू?"

"त्यांच्याच भल्यासाठी. उद्या सोलापूर रस्त्याला लागले तर?"

"अहो शास्त्रज्ञ, परवा त्यांनी आमच्या बँकेच्या परिपत्रकातल्या चुका लाल पेनानं काढून दिल्या. विसरण्याचं दुसऱ्या कुणीही बोलावं. स्कूटर संस्थेतच ठेवून, चोरीला गेली म्हणून चौकीवर कोण गेलं होतं?"

ही स्कूटरची गोष्ट ती पाहुण्यांनाही सांगायची. झालं होतं खरं तसं, दिवाळीच्या सुमारास. डोक्यात एक आकडेमोड चालली होती, तो बसनं घरी आला, खाली पार्किंगात स्कूटर दिसेना, झालं. हवालदारानंही हसून घेतलं. तेव्हापासून त्यानं बसच धरली होती. पण विसरणं आणि विसरणं यात फरक असतो, हे हिला कोण समजावणार?

"आणि तेच मला विचारत होते," ती पुढे म्हणाली, "भूषणची झोप होते का म्हणून. तुझीच काळजी करतायत ते."

हे त्यानं मनात वेगळं काढून ठेवलं. झोपेची चौकशी! म्हणजे आपलं लक्ष दुसरीकडे वळवायचं त्यांना सुचतंय तर. काकाही सुरुवातीला असेच लबाड झाले होते. चूक झाकायला दुसऱ्याकडे बोट. की आम्रपालीच मधल्या मधे काही सांगत असेल त्यांना? तो हल्ली स्वयंपाकघरात पाऊल टाकायचा तेव्हा दोघं बोलायची थांबतात का, हे तो पाहायला लागला होता, आणि पाहायला लागल्यावर ती थांबतात असंच त्याला वाटायला लागलं होतं.

संस्थेतही त्याचा पारा चढलेला असायचा. त्या महिन्यात त्यानं पेरलेला एक चांगला ठसठशीत तारा कुणीच पकडला नाही. बैठकीत त्यानं तो उघड केला तेव्हा पूर्वा नावाची विद्यार्थिनी खाली बघत म्हणाली, "सर, मला दिसला होता तो."

"मग बोलली का नाहीस?"

"फारच ठळक होता, सर. म्हणजे... मला वाटलं, चुकून तुमच्याच हातून काहीतरी घोळ झालाय. सगळ्यांसमोर कसं सांगायचं? ऑकवर्ड झालं असतं."

"पूर्वा, जे बोललं नाही ते दिसलं नाही. नियम आहे."

"पण सर, दिसलं होतं ना."

"नियम म्हणजे नियम," तो इतक्या जोरात म्हणाला की बाजूला बसलेल्या सौरभनं लॅपटॉपमधून मान वर काढली. घरी येताना बसमध्ये त्याला तिचा पडलेला चेहरा आठवत राहिला. एवढं ओरडायची काय गरज होती? पण त्याला त्या वाक्याची भीतीच वाटली होती, का ते कळत नव्हतं. गाडीतळाला तो उतरला. मागे वळून बघायची त्याला कधीच सवय नव्हती. तसाच चालत घरी गेला, आणि त्याच्या मागोमाग थोड्या वेळानं अण्णाही वर आले, पिशवीत मेथीची जुडी घेऊन.

शेवटची पेरणी त्यानं रविवारी केली. आम्रपाली आईकडे गेली होती, दोघांनीच दुपारचं जेवण केलं, भाकरी आणि वांग्याची भाजी. अण्णांनी ताटं घासून पालथी घातली. तासभर गेला असेल, नसेल. बुद्धभूषण स्वयंपाकघरात गेला, धुतलेली ताटं पुन्हा उताणी केली, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाला, "अण्णा, चला, जेवून घेऊ या का? भूक लागली."

अण्णा कॉटवर पडले होते. उठून बसले. त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्यानं पूर्वी कुठंतरी पाहिली होती, पण कुठं ते त्याला त्या क्षणी आठवलं नाही. मग अण्णा चष्मा लावून सावकाश उठले. "चल," ते म्हणाले. "बसतो तुझ्याबरोबर." आणि बसले. अर्धी भाकरी मोडली, भाजी वाढून घेतली, आणि घासामागून घास खाल्ला. मध्येच "कमी झालंय का मीठ?" असंही विचारलं. बुद्धभूषण हातातली भाकरी नुसती कुस्करत राहिला. समोर उत्तरेश्वरकाकाच बसलेत असं त्याला वाटलं. मला कुणी जेवायला दिलं नाही. संपलं, तो मनात म्हणाला, लोखंडापर्यंत पोचलंय. वर तेवढं तेज राहिलंय, ते किती दिवसांचं? त्याला एकदम रडू आलं आणि ते त्यानं ठसक्यात लपवलं. अण्णांनी पाण्याचा पेला पुढे केला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि कितीतरी वेळ तो हात काढला नाही.

डॉ. वासंती पानसे यांना त्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला. वडिलांना दाखवायचंय, पण त्यांच्यासाठी आलोय हे त्यांना कळता कामा नये, ते मानी आहेत. तुम्ही आधी मलाच प्रश्न विचारा, मग ओघाओघात त्यांना. डॉक्टर म्हणाल्या, चालेल, करतात लोक असं. मग अण्णांना कसं न्यायचं एवढाच प्रश्न उरला, आणि त्यावरही त्याला खोटंच सुचलं. "अण्णा, मला गुरुवारी एका डॉक्टरांना दाखवायचंय. सोबत येता का?"

काय होतंय, कसले डॉक्टर, कुठं, काही नाही. अण्णा ताबडतोब म्हणाले, "येतो. येतो की." आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, फार दिवस उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं तसं. मुलगा डॉक्टरकडे निघालाय आणि बापाला साधा प्रश्न पडत नाही, याची बुद्धभूषणनं नोंद घेतली. चांगलं लक्षण नव्हे.

गुरुवारी दुपारी दोघं बसनं निघाले. अण्णांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. खिडकीची जागा त्यांनी बुद्धभूषणला दिली आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसले, गुडघा आडवा घालून, तो लहान असताना बसायचे तसे. त्यावरून त्याला शाळा आठवली. चौथीला तो अण्णांच्याच वर्गात होता. तपासणीचे साहेब आले की ते एखाद्या पोराला उभं करून प्रश्न विचारायचे, आणि पोर अडखळलं की अण्णा बाकांमधून सावकाश चालत त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. साहेबांना दिसायचं ते नुसते उभे असलेले मास्तर. पोराला मात्र कानामागून उत्तर ऐकू यायचं, खडूच्या वासासकट. एकदा साहेबांनी बुद्धभूषणलाच उठवलं. नवा त्रिक सत्तावीस त्याला येत होतं, तो नुसता दम घेत होता, तेवढ्यात मागून आलंच, "सत्तावीस." घरी जाताना तो रागानं लाल झाला होता. मला येत होतं, तुम्ही कशाला सांगितलं? अण्णा म्हणाले होते, "येत होतं, मला माहीत आहे. पण थांबलास ना. थांबलेलं पोर फार एकटं पडतं रे." तेव्हा ते त्याला पटलं नव्हतं. आत्ता, स्वारगेटच्या पुलाखाली बस रखडलेली असताना, त्याला वाटलं की परत फिरावं, खाट जाऊ दे, कुलूप जाऊ दे. पण पुरावे त्याच्या बाजूनं होते आणि पुराव्यांना पाठ दाखवायची त्याला सवय नव्हती.

डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. अण्णांना बाजूची खुर्ची दाखवली, पण ते बसले नाहीत. त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काय त्रास होतो आपल्याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"जरा विसरायला होतं," तो घरून पाठ करून आणलेलं बोलला.

"डॉक्टर, मी सांगू का?" अण्णा मागून म्हणाले. "त्याला सगळं सांगता येणार नाही. त्यातलं बरंचसं त्याला माहीतच नाही." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "भूषण, वाईट वाटून घेऊ नकोस. डॉक्टरांपुढे लपवून कसं चालेल?"

आणि अण्णा सांगायला लागले. मास्तरांच्या आवाजात, एकेक शब्द सुटा. "वार चुकतो त्याचा. मग मी पेपर मांडीखाली घालतो, त्याच्या नजरेला पडून त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. एकच बातमी दोनदा सांगतो. मी ऐकतो, बिघडतं कुठं? आईचं माहेर चुकला. करमाळ्यात वाढलेलं पोर हे. त्या दिवशी मात्र मला बोलवेना. स्कूटरची किल्ली साखरेच्या डब्यात ठेवली होती, ती मी गुपचूप खुंटीला लावली, सुनेला कळू दिलं नाही. स्कूटर संस्थेत विसरून आला, तेव्हापासून संध्याकाळी मी थांब्यावर जाऊन उभा राहतो. हा बसमधून उतरला की जरा मागं राहून घरापर्यंत येतो, त्याला दिसणार नाही असा. एक दिवस बसमधून उतरलाच नाही. मी पुढच्या बस बघत राहिलो. घरी जाऊन बघतो, तर रिक्षानं आला होता. गेल्या रविवारी जेवण झाल्यावर परत जेवायला बसला. मी बसलो त्याच्याबरोबर. एकट्याला कसं बसू द्यायचं? माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं, डॉक्टर. टोकलं की ही माणसं घाबरतात. म्हणून मी काही बोललो नाही."

बुद्धभूषण टेबलावरच्या काचेकडे बघत होता. एकही सुटलं नव्हतं. त्यानं पेरलेलं एकूणएक अण्णांनी पकडलं होतं, बाद केलेल्या किल्लीसकट, आणि पकडून मुठीत झाकून ठेवलं होतं. रविवारची ती नजर त्यानं कुठं पाहिली होती तेही आता आठवलं. सायकलवरून काकांना घेऊन येताना अण्णा असेच बघायचे. त्याची मान लाजेनं तापली. आता तोंड उघडायला हवं होतं. अण्णा, मी मुद्दाम करत होतो, एवढं म्हणायचं. आणि ते विचारतील, कशासाठी? मग कात्रजच्या फाटकाचं कुलूपही सांगावं लागलं असतं. तरी तो सांगणार होता. त्यानं श्वास घेतलाही, तेवढ्यात अण्णा हळूच म्हणाले, "आणि परवा सकाळी स्वयंपाकघरात येऊन यानं मला विचारलं, आई अजून आली नाही का? तिला जाऊन पाच वर्षं झाली, डॉक्टर."

हे त्यानं पेरलं नव्हतं.

त्यानं मन मागे नेलं. परवा सकाळ. चहा झाला होता, दूधवाला येऊन गेला होता, तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला होता, अण्णा मेथी निवडत होते. आणि पुढे? पुढे तो बसमध्ये होता. मधे काही बोलणं झालं होतं का? अण्णांना भास झाला असेल. म्हातारपणी होतात भास. हा त्यांचाच पुरावा धरायचा का? की स्कूटरचा, चौकीचा, काकांना पन्नाशीच्या आत लागलेल्या रोगाचा हिशेब त्यानं आजवर एकाच बाजूला मांडला होता? दोघांपैकी कुणाच्या तरी आत काहीतरी कोसळायला लागलं होतं, आणि कुणाच्या ते कळायला त्याच्याकडे काहीही साधन नव्हतं. ठोके मोजायचे, पण कुणाचे, आणि मोजणारा कोण? घेतलेला श्वास त्यानं तसाच सोडून दिला. डॉक्टर त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांची नजर ठरल्याप्रमाणे नव्हती. मघापर्यंत नाटकातल्या जोडीदाराची होती, ती आता डॉक्टरची झाली होती.

"बरं," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "साधंच विचारते. आज वार कोणता?"

त्याला माहीत होतं. अर्थात माहीत होतं. त्यानंच तर दिवस ठरवला होता. पण गेले कित्येक दिवस रोज एक खोटा वार तोंडातून काढून त्यानं आपल्याच डोक्यात इतका राडा करून ठेवला होता, की जो वार पुढे यावा तो पेरलेलाच वाटत होता. मंगळवार आला. तो खोटा. शुक्रवार आला, तोही त्यानं कधीतरी वापरलेला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, तिथं कॅलेंडर नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं घट्ट झाली आणि त्याला खरोखर, अगदी खरोखर, काही सुचेना.

मग मागून सुती शर्टाची हलकी सळसळ झाली. कुणीतरी किंचित वाकलं. इस्त्रीच्या कपड्यांचा वास आला, आणि कानामागे, समोरच्या साहेबांना कळणार नाही इतक्या बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं,

"गुरुवार."

"गुरुवार," बुद्धभूषण म्हणाला.

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. खांद्यावरचा हात जरासा दाबला गेला, बरोबर उत्तर आल्यावर वर्गात दाबला जायचा तसा.